दीपगृह, सिग्नल आणि स्मार्ट हायवे : दिवा विझला तर जबाबदार कोण?

मंडळी, ह्या वीकेंडचा विषय आहे कोर्टकचेरीचा. नाव ऐकून जांभई आली असेल तर थोडं थांबा, कारण आपल्यापैकी जे दर शुक्रवारी संध्याकाळी मुंबई-पुणे करतात त्यांच्या जिवाशी ह्याचा थेट संबंध आहे.

समजा, तुम्ही एक्स्प्रेसवेवरून १०० च्या स्पीडने चालला आहात. डोक्यावरचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड काहीच सांगत नाहीये, म्हणजे पुढे रस्ता मोकळा असणार असं तुम्ही धरून चालता. प्रत्यक्षात वळणापलीकडे एक ट्रक बंद पडलाय. तो कॅमेऱ्याला दिसलाय, कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर आलाय, पण बोर्डवर आला नाही. पुढचं सांगायला नको.

आता चूक कोणाची? ट्रकवाल्याची आहेच, तुमचीही थोडी असेल. पण बोर्ड लावणाऱ्या सरकारची किती? आणि समजा तो बोर्ड तिथे लावलाच नसता, तर सरकार जास्त सुरक्षित राहिलं असतं का?

हा दुसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण जगभरातली कोर्टं गेली सत्तर वर्षं नेमक्या ह्याच प्रश्नाशी झगडताहेत. सुरुवात मात्र रस्त्यावर नाही, समुद्रात झाली.

राजा कधी चुकत नाही

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्लिश कायद्यातलं जुनं तत्त्व असं की राजा चुकू शकत नाही, त्यामुळे राजावर त्याच्याच कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही. गंमत म्हणजे राजाला हाकलून देणाऱ्या अमेरिकेनेही हे तत्त्व मात्र जपून ठेवलं. सरकारी गाडीने तुम्हाला उडवलं तर तुमच्या खासदाराला गाठायचं, आणि तुमच्या नावाने संसदेत एक स्वतंत्र विधेयक पास करून घ्यायचं, एवढाच मार्ग होता.

२८ जुलै १९४५ ला धुक्यात वाट चुकलेलं अमेरिकन लष्कराचं एक बॉम्बर विमान थेट एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळलं. १४ माणसं गेली. वर्षभरात, ऑगस्ट १९४६ मधे, अमेरिकेने फेडरल टॉर्ट क्लेम्स ॲक्ट केला आणि तो मागच्या तारखेने, म्हणजे १ जानेवारी १९४५ पासून लागू केला. नियम साधा होता. तशाच परिस्थितीत खाजगी माणूस जितका जबाबदार ठरला असता तितकंच सरकारही जबाबदार.

पण त्यात एक पळवाट होती. सरकारने आपला विवेक वापरून घेतलेल्या निर्णयाबद्दल दावा करता येणार नाही. कल्पना चुकीची नाही. शाळा बांधायची की रस्ता हे न्यायाधीशाने ठरवू नये, त्यासाठी आपण निवडणुका घेतो. प्रश्न एवढाच की निर्णय कुठे संपतो आणि हलगर्जीपणा कुठे सुरू होतो?

१९४७ च्या एप्रिलमधे टेक्सास सिटीच्या बंदरात अमोनियम नायट्रेट खताने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. साडेपाचशेहून जास्त लोक मेले. खत सरकारी कार्यक्रमातलं होतं, आणि ते किती तापमानाला पोत्यात भरायचं, पोत्यावर काय लिहायचं हे सरकारी योजनेत ठरलं होतं. १९५३ मधे सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की हे सगळे योजनेच्या पातळीवरचे निर्णय, सबब सरकार जबाबदार नाही. शेवटी १९५५ मधे त्या लोकांसाठी संसदेला वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे फिरून पुन्हा तिथेच.

बेटावरचा दिवा

त्याच १९५५ च्या नोव्हेंबरमधे आणखी एक निकाल आला, आणि माझ्या मते स्मार्ट हायवेचा कायदा तिथे जन्मला.

लुइझियानाच्या किनाऱ्याजवळ शँडेलूर नावाचं बेट आहे. तिथे कोस्ट गार्डचं दीपगृह होतं. दीपगृह म्हटलं की आपल्याला कंदील घेऊन जिने चढणारा म्हातारा आठवतो, पण इथे तसं नव्हतं. दिवा बॅटरीवर चालायचा आणि अंधार पडला की सन रिलेमुळे आपोआप लागायचा. म्हणजे सेन्सर आला, ऑटोमेशन आलं, आणि जागेवर माणूस नाही. ओळखीचं वाटतंय ना?

१ ऑक्टोबर १९५१ ला नॅव्हाहो नावाची एक टग बोट एक बार्ज ओढत तिथून चालली होती. बार्जवर सुपर फॉस्फेट होतं (ह्या विषयात खत कुठून कुठून येतं बघा, अजूनही एकदा येणार आहे). मालकांचं म्हणणं असं की दिवा लागला नव्हता, म्हणून बोट बेटावर जाऊन रुतली आणि माल समुद्राच्या पाण्याने भिजला. बॅटरी आणि रिले नीट तपासले नाहीत, दिवा दुरुस्त केला नाही, आणि दिवा बंद आहे हे कोणाला कळवलंही नाही, असे त्यांचे आरोप होते.

सरकारी वकिलांचा युक्तिवाद मोठा चलाख होता. कायदा म्हणतो खाजगी माणसाइतकीच जबाबदारी, बरोबर? मग खाजगी माणूस कुठे दीपगृह चालवतो? हे तर खास सरकारी काम, त्यामुळे तुलनाच होऊ शकत नाही, विषय संपला.

कोर्टाने हे मानलं नाही. ५ विरुद्ध ४, म्हणजे अगदी काठावर. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर ह्यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा : बेटावर दीपगृह बांधायचं की नाही हा सरकारचा निर्णय, बांधलंच पाहिजे अशी सक्ती नाही. पण एकदा दिवा लावला, लोक त्याच्या भरवशावर बोटी चालवायला लागले, की तो चालू आहे ना हे पाहण्याची, बिघडला तर दुरुस्त करण्याची, आणि तोपर्यंत लोकांना सावध करण्याची जबाबदारी आली. लक्षात घ्या, कोर्टाने पैसे देऊन टाकले नाहीत. असा दावा चालू शकतो, एवढाच दरवाजा उघडला. पण तो दरवाजा महत्त्वाचा.

मला हा निकाल आवडतो, कारण तो इंजिनिअरच्या डोक्याने लिहिल्यासारखा आहे. सिस्टीम बनवायची की नाही हा मॅनेजमेंटचा प्रश्न. पण एकदा ती प्रॉडक्शनमधे टाकली आणि लोकांनी आपलं काम तिच्यावर सोडलं की मॉनिटरिंग तुमचं. आणि त्यातला सर्वात वाईट बग म्हणजे गुपचूप बंद पडणं. खलाशाला दिवा दिसला नाही तर दोन शक्यता असतात, एकतर बेट अजून लांब आहे, किंवा दिवा विझलाय. दोन्ही वेळी समोर काळोखच. एक्स्प्रेसवेवरचा रिकामा बोर्ड ह्याहून वेगळा नाही.

चार सेकंद

समुद्रातून रस्त्यावर येऊ. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात एका चौकात दोन गाड्यांची टक्कर झाली. सिग्नल अगदी ठणठणीत चालू होता. तक्रार अशी होती की एका बाजूचा हिरवा संपून दुसऱ्या बाजूचा हिरवा लागेपर्यंत फक्त ४ सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात चौक रिकामा होत नाही. ज्यूरीने शहराला दोषी धरलं.

१९६० मधे राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने हा निकाल फिरवला. का? तर शहराच्या अधिकृत मंडळाने रहदारीचा अभ्यास करून ते ४ सेकंद ठरवले होते. तज्ज्ञांनी अभ्यासपूर्वक घेतलेला निर्णय केवळ सहा सामान्य नागरिकांना किंवा बारा नागरिकांना वेगळं वाटतं म्हणून रद्द होऊ शकत नाही.

आता हे दोन निकाल शेजारी ठेवून बघा. दिवा बंद पडला, तर जबाबदार. दिवा ठरल्याप्रमाणे चालला, पण ठरलेलंच चुकीचं होतं, तर अभ्यास केला असल्यास जबाबदार नाही. आपल्या भाषेत पहिला बग आणि दुसरा स्पेसिफिकेशन! आणि ज्याने कधी क्लायंटशी ‘हा बग आहे की चेंज रिक्वेस्ट’ ह्यावर भांडण केलंय त्याला हे भांडण किती लांबू शकतं ते सांगायला नको :-)

न्यूयॉर्कच्या कोर्टाने मात्र पुढे ह्या सवलतीला दोन कुंपणं घातली. १९८६ मधे सांगितलं की धोका कळला, उपाय ठरला, आणि मग वर्षानुवर्षं काहीच केलं नाही, तर निर्णयाची ढाल चालणार नाही. २०१६ मधे ब्रुकलिनच्या एका रस्त्याबद्दल निकाल आला. तिथे गाड्या बेफाम पळतात अशी तक्रार रहिवासी करत होते, पण शहराने वेग कमी कसा करायचा ह्याचा अभ्यासच केला नव्हता, आणि तिथे एक १२ वर्षांचा सायकलवरचा मुलगा जबर जखमी झाला. ज्यूरीने ४० टक्के दोष शहरावर टाकला होता, तो टिकला. म्हणजे ढाल हवी तर आधी गृहपाठ दाखवा.

खड्ड्यांचा नकाशा

इथे आणखी एक पात्र येतं, त्याचं नाव ‘आम्हाला माहीत नव्हतं’. रस्त्यांच्या खटल्यात सरकारचा हा जुना आणि हुकमी बचाव.

१९७९ मधे न्यूयॉर्क शहराने तो थेट कायद्यातच घालून घेतला. खड्डा किंवा फुटका फुटपाथ ह्याची लेखी सूचना शहराला आधी मिळालेली नसेल तर दावा नाही. आता पडण्यापूर्वी खड्ड्याचं पत्र कोण लिहून ठेवतो? पण वकील मंडळी गप्प बसली नाहीत. १९८२ मधे त्यांच्या संघटनेने ‘बिग ॲपल पॉटहोल अँड साइडवॉक प्रोटेक्शन कॉर्पोरेशन’ अशी एक संस्थाच काढली. तिने माणसं पाठवून शहराचे फुटपाथ पायी तपासले, प्रत्येक दोषासाठी चिन्हं ठरवली, आणि नकाशेच्या नकाशे शहराच्या वाहतूक खात्यात नेऊन दिले. घ्या लेखी सूचना!

हा किस्सा वाचून मी खूप हसलो होतो, पण त्यातला मुद्दा गंभीर आहे. जबाबदारीचा अर्धा भाग लोकांच्या भरवशातून येतो, उरलेला अर्धा सरकारच्या माहितीतून. आणि स्मार्ट हायवे म्हणजे काय? स्वतःच्या खड्ड्यांचा नकाशा स्वतःच, सेकंदासेकंदाला, टाइमस्टॅम्पसकट बनवणारा रस्ता. जो रस्ता सगळं बघतो त्याच्या मालकाला ‘माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही. लॉग फाइल खोटं बोलत नाही, निदान ती कोणी डिलीट करेपर्यंत तरी.

रस्ताच गाडी चालवतो तेव्हा

१९९१ मधे अमेरिकन संसदेने महामार्ग कायद्यात एक महत्त्वाकांक्षी कलम घातलं. १९९७ पर्यंत पूर्ण स्वयंचलित महामार्गाचा नमुना तयार हवा. त्याप्रमाणे ऑगस्ट १९९७ मधे सॅन दिएगोजवळ आय-१५ हायवेच्या साधारण १२ किलोमीटरच्या पट्ट्यावर प्रात्यक्षिक झालं. रस्त्यात लोहचुंबक पुरले होते. आठ ब्यूक गाड्यांची रांग, एकमेकींपासून काही मीटरवर, कोणीही स्टिअरिंगला हात न लावता, ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास पळाली. सगळं व्यवस्थित झालं, टाळ्या पडल्या, आणि पुढच्याच वर्षी सरकारने कार्यक्रमाचा पैसा काढून घेतला.

कारणं बरीच होती. खर्च होता, जुन्या गाड्यांचं काय करायचं हा प्रश्न होता, आणि लवकर उपयोगी पडतील अशा गोष्टींकडे वळावं असं धोरण ठरलं. पण त्या काळातल्या सगळ्या चर्चांमधे अडथळ्यांच्या यादीत जबाबदारीचा मुद्दा हटकून असायचा. आत्तापर्यंत अपघात झाला की बहुतेक वेळा ड्रायव्हर दोषी, त्याचा विमा पैसे भरणार. रस्ताच गाडी चालवायला लागला की तो सगळा भार उचलून रस्त्याच्या मालकाकडे, म्हणजे राज्य सरकारांकडे जाणार. एकट्या ड्रायव्हरच्या चुकीने दोन गाड्या आदळतात, सिस्टीमच्या चुकीने आठ.

डांबर काढलं, कोड दिला

अमेरिकेने जे सोडून दिलं त्याचा साधा भाऊ इंग्लंडने प्रत्यक्षात आणला. तिथे त्याला स्मार्ट मोटरवे म्हणतात.

मोटरवेच्या कडेला एक रिकामी पट्टी असते, हार्ड शोल्डर. गाडी बंद पडली की तिथे घ्यायची. गर्दी वाढल्यावर २००६ मधे बर्मिंगहॅमजवळच्या एम-४२ वर प्रयोग झाला, की गर्दीच्या वेळी ह्या पट्टीवरूनही वाहतूक सोडायची. कॅमेरे, वरचे बोर्ड आणि बदलती वेगमर्यादा ह्यांच्या जोरावर तो यशस्वी झाला. मग २०१४ पासून पुढचं पाऊल पडलं आणि काही मोटरवेंवर ती पट्टी कायमची लेन करून टाकली. गाडी बंद पडली तर काय? ठराविक अंतरावर थांबण्याच्या जागा ठेवल्या, पण काही ठिकाणी त्या अडीच किलोमीटरवर होत्या. तिथपर्यंत गाडी पोचली नाही, तर चालू लेनमधे थांबायचं आणि कंट्रोल रूमने बघून वर लाल फुली लावण्याची वाट पाहायची.

सप्टेंबर २०१८ मधे एम-१ वर एका कुटुंबाची गाडी अशीच बंद पडली. १६ मिनिटं ती तिथे उभी होती, कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मागून दुसरी गाडी आदळली आणि त्या कुटुंबातली आई गेली. लाल फुली त्यानंतरही सहा मिनिटांनी लागली. जून २०१९ मधे त्याच एम-१ वर शेफिल्डजवळ किरकोळ धक्क्यानंतर दोघे जण एकमेकांचे नंबर घ्यायला थांबले होते, ट्रकने दोघांनाही चिरडलं. ट्रक ड्रायव्हर तुरुंगात गेला. पण जानेवारी २०२१ मधे तिथल्या मृत्युचौकशी अधिकाऱ्याने, म्हणजे कॉरोनरने, स्पष्ट सांगितलं की हार्ड शोल्डर नसणं हेही एक कारण आहे आणि असे मोटरवे पुढेही जीव घेऊ शकतात. २०१८ च्या प्रकरणात तर दुसऱ्या कॉरोनरने रस्ते चालवणाऱ्या सरकारी कंपनीवर, हायवेज इंग्लंडवर, सदोष मनुष्यवधाचा खटला होऊ शकतो का हे तपासायला कागद पाठवले.

निष्पन्न काय झालं? पोलिसांनी जाहीर केलं की खटला होणार नाही. कारण संस्थेवर असा खटला भरायला २००७ च्या कायद्यात ठराविक प्रकारचं काळजी घेण्याचं कर्तव्य लागतं, आणि रस्ता वापरणाऱ्यांप्रति ते हायवेज इंग्लंडवर नाहीच!

हे असं कसं? तर इंग्लिश कायदा दीपगृहाच्या निकालापेक्षा वेगळ्या वाटेने गेला. २००४ मधे तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने एका अपघातात ठरवलं की चढावर पूर्वी ‘सावकाश’ असं रंगवलेलं होतं, ते पुसलं गेलं आणि पुन्हा रंगवलं नाही, म्हणून नगरपालिका भरपाई देणं लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मधे सुप्रीम कोर्टाने तेच सूत्र पुढे नेलं. तिथे रस्त्यावर बर्फ साठून अपघात झाला होता. पोलिस आले, ‘पोलिस, सावकाश’ असा फलक लावला, रस्ता साफ केला, आणि जाताना फलक उचलून घेऊन गेले. थोड्या वेळात तिथेच दुसरा अपघात होऊन माणूस मेला. कोर्ट म्हणालं, पोलिसांनी परिस्थिती आधीपेक्षा वाईट केली नाही, मदत अपुरी पडली इतकंच. मदत अपुरी पडणं म्हणजे इजा करणं नव्हे.

तर्क म्हणून हे पटू शकतं. फलक आला आणि गेला, रस्ता होता तसाच राहिला. पण स्मार्ट मोटरवेला तो लागू करून बघा. तिथे सरकारने आधी असलेली पट्टी काढून घेतली. डांबर काढलं आणि त्याच्या बदल्यात कोड दिला. हार्ड शोल्डरला वीज लागत नाही, सर्व्हर लागत नाही, रात्रपाळीचा ऑपरेटर लागत नाही. त्याच्या जागी आलेला कॅमेरा-ऑपरेटर-बोर्ड हा सगळा प्रकार म्हणजे वरून मिळालेली भेट नाही, ती जुन्या सुरक्षिततेची किंमत आहे. ती सेवा बंद पडली तर परिस्थिती आधीपेक्षा नक्कीच वाईट होते.

पुढे बंद पडलेली गाडी ओळखणारी रडार बसवली. निदान ८० टक्के गाड्या ओळखायच्या असं लक्ष्य होतं, आणि डिसेंबर २०२२ मधे सरकारच्याच नियामकाने सांगितलं की ती रडार ठरलेल्या निकषांना पुरी उतरत नाहीत. एप्रिल २०२३ मधे सरकारने नवे स्मार्ट मोटरवे बांधणं रद्द केलं. खर्च आणि लोकांचा उडालेला विश्वास ही दोन कारणं दिली. न्यायाने सांगायचं तर एकूण आकडे स्मार्ट मोटरवेच्या अगदी विरोधात नव्हते. काही प्रकारचे अपघात तिथे कमी झाले. पण उभ्या गाडीवर मागून आदळण्याचा धोका वाढला, आणि तो नेमका कॅमेऱ्याने टाळायचा होता. बांधलेले रस्ते अजून चालूच आहेत.

आपल्याकडे

आता घरी येऊ. आपला कायदा एका घोड्यापासून सुरू होतो. कलकत्त्याच्या खिदिरपूरला सरकारी गोदीतून पी अँड ओ कंपनीची घोडागाडी चालली होती. सरकारी मजूर बोटीच्या दुरुस्तीसाठी एक अवजड लोखंडी तुकडा वाहून नेत होते, तो त्यांनी खाली टाकला. आवाजाने घोडा बुजला, उधळून त्याच लोखंडावर गेला आणि जखमी झाला. दावा ३५० रुपयांचा. १८६१ मधे सर बार्न्स पीकॉक ह्यांनी तो मान्य केला, पण जाता जाता एक रेघ मारली. व्यापारी कंपनीही करू शकली असती अशा कामात सरकार जबाबदार, सार्वभौम सत्तेच्या कामात नाही. ही रेघ राज्यघटनेच्या कलम ३०० मार्गे आजपर्यंत आलीये.

१९६२ मधे सुप्रीम कोर्टाने उदयपूरच्या सरकारी जीपच्या अपघातात राजस्थान सरकारला जबाबदार धरलं. पण १९६४ च्या सप्टेंबरमधे कस्तुरीलाल खटला आला. मीरतच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं शंभर तोळ्यांहून जास्त सोनं जप्त केलं होतं, ते हवालदारच घेऊन पळाला. निकाल लिहिला आपल्या साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी, तेव्हाचे सरन्यायाधीश. जप्ती हे सार्वभौम काम, म्हणून सरकार जबाबदार नाही. पण त्यांनाही हे पटत नव्हतं. कायदा असमाधानकारक आहे, संसदेने बदलावा, असं त्यांनी निकालातच लिहिलं. १९६५ आणि १९६७ मधे विधेयकं आली, दोन्ही बारगळली. असा सरकारी जबाबदारीचा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे अजूनही नाही. १९९४ मधे सुप्रीम कोर्टाने आंध्रातल्या एका व्यापाऱ्याच्या जप्त करून सडवलेल्या मालाबद्दल (खतच, सांगितलं होतं ना!) भरपाई देताना ती जुनी रेघ आजच्या काळात शोभत नाही असं म्हटलं. तेव्हापासून ती पुसट होत चाललीये, पण गेलेली नाही.

रस्त्यांबद्दल दोन गोष्टी अलीकडच्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार ह्यांना दंड. किती? जास्तीत जास्त १ लाख रुपये. आणि ऑक्टोबर २०२५ मधे मुंबई हायकोर्टाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं, सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हणत.

पण हे सगळं डांबराबद्दल झालं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०२४ पासून इंटेलिजंट ट्रॅफिक मॅनेजमेंट सिस्टीम चालू आहे. तिची ओळख आपल्याला कशी झाली? चलानाच्या मेसेजने. ह्याला माझी तक्रार नाही, वेग मोडला तर दंड भरावा. २०२१ च्या नियमांनी दंडाच्या कॅमेऱ्यांना शिस्तही लावलीये. यंत्राला प्रमाणपत्र हवं, ते दर वर्षी नवं करायला हवं, कॅमेरा आहे अशी पाटी हवी.

हीच शिस्त उलट्या दिशेनेही हवी, एवढंच माझं म्हणणं. ज्या लॉगच्या आधारावर सरकार मला सेकंदासकट सांगतं की तू अमुक वाजता ११२ ने चालला होतास, त्याच लॉगच्या आधारावर मलाही विचारता आलं पाहिजे की बंद ट्रक कॅमेऱ्याला किती वाजता दिसला, बोर्डवर किती वाजता आला, आणि मधे काय चाललं होतं. बोर्ड बंद असेल तर तो रिकामा नको, ‘बंद आहे’ असं दिसायला हवं. आणि अपघातानंतरचा लॉग जपून ठेवणं ही मेहेरबानी नसावी, सक्ती असावी.

बऱ्याच जणांना भीती वाटते की अशी जबाबदारी टाकली तर सरकार स्मार्ट रस्ते बांधणारच नाही. पण १९५५ नंतर अमेरिकेने काही समुद्रातले दिवे काढून टाकले नाहीत, आणि बफेलोसारख्या निकालांनी प्रामाणिक निर्णयांना संरक्षणही दिलं. कुठे दिवा लावायचा हे सरकारने ठरवावं, त्यात चूक झाली तर मतपेटीत बघून घेऊ. लावलेल्या दिव्याकडे लक्ष ठेवणं मात्र निर्णयाचा भाग नाही, ते रोजचं काम आहे, आणि रोजच्या कामातल्या हलगर्जीपणाचा हिशेब कोर्टातच व्हायला हवा.

आपण ऑफिसात सर्व्हर पाच मिनिटं पडला तर रात्री दोनला कॉलवर बसतो, सकाळी कारणमीमांसेचा रिपोर्ट देतो. तिथे बहुतेक वेळा कोणाचा जीव जात नाही. घाटातल्या बोर्डसाठी एवढी तरी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

असो, बरंच लांबलं. पुढच्या वेळी एक्स्प्रेसवेवर बोर्ड रिकामा दिसला तर रस्ता मोकळाच आहे असं समजू नका. शँडेलूरच्या खलाशांना वाटलं होतं तसं :-)